कमी खर्चात जुने कौलारू घर राहण्यायोग्य कसे करावे

गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे या भागांतली चिऱ्यांची (जांभ्या दगडांची) जुनी घरे हा पाऊस गृहीत धरूनच बांधली गेली. उंच जोते, उताराचे छप्पर आणि भिंतीच्या बरीच पुढे आलेली वळचण ही त्याचीच व्यवस्था होय. अशा घराची पडझड झाली असेल, तर ही व्यवस्था कुठेतरी मोडलेली असते आणि पाण्याने भलतीच वाट धरलेली असते. म्हणून पैसा मोजका असेल तेव्हा कामाचा क्रम पाण्याच्या वाटेनेच लावावा: आधी छप्पर, मग घराभोवतीची जमीन, मग भिंती, त्यानंतर वीज व नळ, आणि रंग व फरशी सर्वांत शेवटी. चवथीला (गणेश चतुर्थीला) सगळे गोतावळे घरी जमणार म्हणून अनेक कुटुंबे ओसरीची फरशी आणि भिंतींचा रंग आधी उरकून घेतात. पुढच्या आषाढात तो रंग पापुद्र्यांनी सुटतो आणि तोच खर्च पुन्हा करावा लागतो.

कागदपत्रे आधी हातात घ्यावीत

वडिलोपार्जित घर बहुधा अनेकांच्या सामाईक मालकीचे असते. नमुना १ व १४ चा उतारा (जमिनीच्या नोंदीचा सरकारी कागद), घरपट्टीच्या पावत्या आणि वाटणीची कागदपत्रे एकत्र करून हक्कदार कोण कोण आहेत याची यादी करावी. गोव्याच्या नागरी कायद्यानुसार सामान्यतः पती-पत्नी दोघांचाही मालमत्तेत वाटा असतो, त्यामुळे भावंडांची लेखी संमती घेताना त्यांच्या पती वा पत्नीचीही सही घ्यावी. दुरुस्तीसाठी पंचायतीची किंवा पालिकेची परवानगी लागते. घर किनाऱ्यालगत किंवा संवर्धन क्षेत्रात असेल, तर आणखी मंजुऱ्या लागू शकतात. हा अर्ज पावसाळ्यातच द्यावा, म्हणजे दिवाळीनंतरचे कामाचे दिवस वाट पाहण्यात जाणार नाहीत. जोते आणि उंची न बदलता केलेली दुरुस्ती ही परवानगीच्या दृष्टीने सोपी आणि खर्चाच्या दृष्टीनेही शहाणपणाची असते.

पाहणी भर पावसात करावी

जानेवारीत कोणतेही घर बरे दिसते. खरी पाहणी जुलैत, पाऊस लागून राहिला असताना करावी. खडू घेऊन प्रत्येक खोलीत फिरावे आणि जिथे थेंब पडतो, जिथे भिंत ओली आहे, जिथे ओल जमिनीपासून वर चढते आहे, तिथे खूण करून तारीख लिहावी. वरून आलेली ओल आणि खालून चढलेली ओल यांत फरक करता आलाच पाहिजे, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. वरची ओल पाऊस थांबल्यावर काही दिवसांत फिकट होऊ लागते. खालची ओल कमरेइतक्या उंचीपर्यंत पट्ट्यासारखी दिसते, तिच्या वरच्या कडेला मिठासारखी पांढरी पूड जमते आणि ती दसऱ्यानंतरही टिकून राहते.

लाकूड तपासायला एक जाड टोचा पुरतो. वासे आणि तुळया मधोमध सहसा शाबूत असतात. कुजतात ती त्यांची टोके, भिंतीत शिरलेली किंवा वळचणीखाली भिजणारी. टोचा तिथे रोवून पाहावा. बोटभर आत गेला तर तेवढा भाग बाद समजावा, नुसता ओरखडा उमटला तर लाकूड चांगले आहे. भिंतीवरून चढलेल्या मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर त्या फोडून आत जिवंत वाळवी आहे का ते पाहावे.

या पाहणीवरून तीन याद्या कराव्यात: पुढच्या पावसाआधी व्हायलाच हवे ते, एक वर्ष थांबू शकेल ते, आणि केवळ हौसेचे. हाती असलेल्या रकमेचा पाचवा हिस्सा बाजूला ठेवून उरलेल्यातच पहिली यादी बसवावी. जुन्या घरात कौले उतरवल्याशिवाय खरे नुकसान कळत नाही, म्हणून हा हिस्सा आरंभी कोणत्याही कामाला लावू नये.

छप्पर: इथे पैसा राखून वागू नये

छपराचे काम दिवाळी झाल्यावर सुरू करावे आणि एका वेळी एकच उतार उघडावा. कौले उतरवताना प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून पाहावे. खणखणीत वाजले तर ते आणखी कित्येक वर्षे टिकेल, बद्द वाजले तर त्याला केसासारखी चीर आहे. चांगली कौले ताठ ब्रशने घासून, शेवाळ काढून, उभी रचून ठेवावीत.

कौलांचा हिशेब आधीच करता येतो. मंगलोरी कौले चौरस मीटरला सुमारे १५ लागतात. समजा घर १० मीटर लांब व ८ मीटर रुंद आहे आणि वळचण चारी बाजूंना ६० सेंटीमीटर पुढे आलेली आहे. मग छपराखालची जागा साधारण १०३ चौरस मीटर भरते. ३० अंशांच्या उतारामुळे छपराचे प्रत्यक्ष क्षेत्र सुमारे ११९ चौरस मीटर होते आणि त्याला पावणेअठराशेच्या आसपास कौले लागतात. त्यांतली १५ टक्के फुटकी निघाली, तर नवी कौले जेमतेम पावणेतीनशे आणावी लागतील. एवढ्या कौलांसाठी सगळे छप्पर काढून पत्रे घालणे मला मुळीच पटत नाही. पत्र्याखालची खोली एप्रिल-मेमध्ये तापते, पावसात आवाजाने बोलणे ऐकू येत नाही, आणि समुद्राच्या वाऱ्यात साधा पत्रा लवकर गंजतो.

नवी कौले आणायला जाताना जुने कौल नमुना म्हणून बरोबर न्यावे. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि पुढे त्या किनाऱ्यावर अनेक कारखाने उभे राहिले. प्रत्येकाच्या साच्यात थोडाफार फरक असल्याने एका कारखान्याचे कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसेलच असे नाही, आणि जी फट राहते तिथूनच पाणी आत येते. कौलावर कारखान्याचा छाप असतो, तो पाहावा. मोडलेल्या घरांची जुनी कौले स्वस्त मिळतात आणि पुष्कळदा त्याच छापाची सापडतात. तरीही दोन जाती मिसळाव्या लागल्या, तर मागचा उतार सबंध नव्या कौलांचा करावा आणि तिथली चांगली जुनी कौले पुढच्या उताराला वापरावीत.

वाशाचे टोक कुजले म्हणून सगळा वासा बदलू नये. कुजका भाग कापून, तिरपा सांधा करून, बोल्टने आवळून चांगल्या लाकडाचा तुकडा जोडता येतो. हे जाणत्या सुताराचे काम आहे आणि त्याची मजुरी नव्या वाशापेक्षा कमी पडते. टोके भिंतीत बसवण्याआधी त्यांना वाळवीनाशक लावावे आणि भोवती बोटभर मोकळी जागा सोडावी. चिऱ्यात गच्च दाबलेले लाकूड ओल शोषते. देवखोलीत किंवा ओसरीत जिथे चवथीची माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधतात, तिथल्या तुळईची तपासणी स्वतंत्रपणे करावी, कारण नारळ, केळ्यांचे घड आणि इतर फळांचा भार तिच्यावर येतो. तिच्याखाली खोटे छत मुळीच घालू नये. खोट्या छतामागे गळतीही दिसत नाही आणि वाळवीही.

छप्पर उघडलेलेच असते तेव्हा काळोख्या माजघरावर दोन-तीन काचेची कौले बसवून घ्यावीत. इतक्या कमी पैशांत घरात इतका फरक पाडणारे दुसरे काम मला माहीत नाही. आढ्यावरचे कोने (आढे झाकणारी कौले) मात्र काळजीने बसवून घ्यावेत, कारण बहुतेक गळती आढ्यातून आणि दोन उतार मिळतात त्या पन्हळीतून होते.

मागच्या पडवीवर अस्बेस्टॉसचे जुने पत्रे असतील, तर ते फोडू किंवा करवतीने कापू नयेत. त्यांची धूळ फुप्फुसांना घातक असते. ते भिजवून, सबंधच्या सबंध उतरवावेत.

घराभोवतीची जमीन आणि भिंती

जोत्याला लागून वर्षानुवर्षे माती, पालापाचोळा आणि मग काँक्रीट साचत जाते, आणि एके काळी दोन फूट उंच असलेले जोते अर्धे गाडले जाते. ही भर काढून टाकणे हे फावड्याचे काम आहे आणि ते घरच्या माणसांना करता येते. जमिनीला घरापासून दूर, दर मीटरला निदान २ सेंटीमीटर उतार द्यावा आणि वळचणीचे पाणी जिथे पडते तिथे चिऱ्यांची उथळ नाली काढावी. एवढे केल्यावर खालून चढणारी ओल बरीच कमी होते.

चिरा पाणी पितो आणि वाळतो. मातीत किंवा चुन्यात बांधलेल्या अशा भिंतीला सिमेंटचा गिलावा केला, की आत शिरलेले पाणी बाहेर पडू शकत नाही. ते गिलाव्यामागून वर चढते आणि शेवटी फुगा धरून गिलाव्यालाच खाली पाडते. म्हणून ओल चढलेल्या भिंतीवर पुन्हा सिमेंट थापणे किंवा तिला प्लास्टिक रंग देणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. जुना सिमेंटचा गिलावा ओलीच्या रेषेच्या वर हातभर उंचीपर्यंत ऑक्टोबरमध्येच काढावा आणि भिंत जानेवारीपर्यंत उघडी ठेवावी. रोज खिडक्या-दारे उघडून वारा खेळू द्यावा आणि भिंतीवर येणारी पांढरी पूड कोरड्या ब्रशने झाडावी, पाण्याने धुऊ नये.

नंतर एक भाग भिजवलेला चुना आणि तीन भाग वाळू या प्रमाणात गिलावा करावा. कळीचा (न विरवलेला) चुना विरताना उकळतो आणि अंगावर उडाला तर भाजतो, त्यामुळे डोळ्यांना चष्मा आणि हातमोजे असल्याशिवाय त्याच्याजवळ जाऊ नये. विरवलेला चुना पाण्याखाली निदान दोन आठवडे ठेवून मगच वापरावा. वाळू गोड्या पाण्याची हवी. समुद्राच्या वाळूतले मीठ हवेतली ओल सतत ओढत राहते. गिलावा पातळ थरांत करावा, दोन थरांमध्ये काही दिवस जाऊ द्यावेत, आणि ऊन लागणाऱ्या भिंतीवर ओली गोणपाटे टांगावीत, कारण घाईने वाळलेला चुना भुगा होऊन पडतो. चुन्यात हात बसलेले गवंडी आता थोडेच उरले आहेत, म्हणून आधी एक चौरस मीटर करून घ्यावा आणि पसंत पडला तरच पुढचे काम द्यावे. वर चुन्याची सफेदी द्यावी. तिच्यात हिरमंजी किंवा नीळ मिसळून रंगही साधता येतो.

वीज, नळ आणि न्हाणीघर

विजेच्या बाबतीत जुने काहीही वाचवू नये. लाकडी पट्ट्यांतून गेलेल्या तारा, चिनीमातीचे फ्यूज आणि अर्थिंग नसलेले सॉकेट पूर्ण काढून टाकावेत. दिव्यांसाठी १.५, सॉकेटसाठी २.५ आणि गिझरसाठी ४ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार सर्वसाधारणपणे घालतात. एमसीबीबरोबर (जादा भार आल्यास वीज तोडणारी कळ) ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळल्यास प्रवाह तोडणारी कळ) बसवावी आणि नवे अर्थिंग करून घ्यावे. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करवून घ्यावे. चिऱ्याची भिंत खोदत बसण्याऐवजी पाइप भिंतीवरून सरळ रेषेत नेला, तर मजुरी वाचते आणि पुढची दुरुस्तीही सोपी होते.

स्वयंपाकघर, न्हाणी आणि शौचालय यांचे नळ एकाच मागच्या भिंतीवर यावेत, अशी मांडणी करावी. शोषखड्डा विहिरीपासून निदान १८ मीटर दूर आणि शक्य तर उताराच्या खालच्या अंगाला असावा.

फरशी, खिडक्या, आणि पैशांचा व्यवहार

लाल कोबा (सिमेंटची घोटीव लाल जमीन) असेल तर तो फोडू नये. भेगा भरून, घासून, मेण लावला की तो पुन्हा चकाकतो. शिंपल्यांच्या खिडक्या (काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे बसवलेल्या) कुठे शिल्लक असतील, तर त्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवणे हे खरेच नुकसान आहे. फुटलेल्या शिंपल्यांच्या जागी दुसऱ्या मोडक्या खिडकीतले शिंपले सरकवता येतात.

छपराचे काम रोजंदारीवर द्यावे, कारण त्याचा आवाका आधी कळत नाही. गिलावा आणि सफेदी चौरस मीटरच्या दराने अंगावर द्यावी. माल स्वतः विकत आणावा आणि मजुरी झालेल्या कामाइतकीच, दर आठवड्याला चुकती करावी. ऐन कामाच्या वेळी आठवणारी भर, उदाहरणार्थ आणखी एक खोली किंवा वेगळी फरशी, त्या दिवशी कबूल न करता दुसऱ्या यादीत लिहून ठेवावी.

काम संपल्यावर उरलेली पन्नासेक कौले आणि काही कोने मागच्या पडवीत रचून ठेवावेत. दर मे महिन्यात पन्हळीतला पाला काढावा, सरकलेली कौले बसवून घ्यावीत, नाली साफ करावी आणि वाशांची टोके टोच्याने पुन्हा तपासावीत. कौलांवर चढताना पाय थेट कौलावर न देता आडवी फळी टाकून तिच्यावर द्यावा.