नवीन नोकरीत नाव कमवायचंय? मग साहेबांनी विचारायच्या आधी सांगत चला

पहिली नोकरी लागली की मुलं विचारतात, ताई ऑफिसात इंप्रेशन कसं पाडायचं, आणि त्यांच्या डोक्यात असतं कडक इस्त्रीचा शर्ट, फाडफाड इंग्लिश आणि बॉस उठेपर्यंत खुर्चीला चिकटून बसायचं. त्यातलं इंग्लिशचं पुढे बघू, चिकटून बसणं बिनकामाचं, आणि इस्त्री तर दादरला गाडी बदलतानाच गेलेली असते. मी बरीच वर्षं लोअर परेलला ऑपरेशन्समध्ये आहे, टीम सांभाळते, आणि माझ्या बाजूने विचाराल तर ज्याच्या मागे लागावं लागत नाही तो माणूस चांगला, बस. काम कुठवर आलंय, होणार की लटकणार, कधी होणार हे मला न विचारता कळत असेल तर त्या पोराला मी डोळे झाकून मोठं काम देते, मग त्याचं इंग्लिश कसंही असो.

आधी वेळेचं, कारण मुंबईत सगळं तिथेच अडतं. ऑफिस साडेनऊचं असेल तर जी लोकल पकडून तुम्ही बरोब्बर साडेनऊला पंच करता ती तुमची गाडी नाहीच, तिच्या आधीची तुमची. निदान पहिले काही महिने तरी. कल्याण-डोंबिवलीच्या, विरार-वसईच्या लोकांना हे वाचून राग येईल, मला माहितीये, मी पण त्यातलीच, पण सेंट्रलला पाच-दहा मिनिटं लेट म्हणजे लेट धरतच नाहीत आपण, तसं ऑफिस धरत नाही ना. बीकेसीवाल्यांनी बांद्रा ईस्ट किंवा कुर्ला वेस्टच्या शेअर रिक्षाच्या लाइनीचा वेळ पण धरायचा, तो पावसाळ्यात आपोआप वाढतो.

आणि तरी लेट होणारच, कोणीच सुटलेलं नाहीये. तेव्हा मेसेज कसा टाकताय त्यावर खूप आहे. 'सर ट्रेन लेट आहे' हा मेसेज कोणाच्या काही कामाचा नाही, त्यातून फक्त एवढंच कळतं की तुम्ही अजून आलेले नाही, आणि ते तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून पण कळतं. असं टाका : 'मुलुंडच्या अलीकडे गाडी थांबलीये, सिग्नलचा प्रॉब्लेम आहे, दहाच्या आत पोहोचणं कठीण. साडेनऊच्या कॉलला ऐकत असेन पण बोलता येणार नाही, कालची शीट टीमच्या फोल्डरमध्ये आहे.' म्हणजे कुठे आहे, कधी येईन, आणि तोपर्यंत काम कशावाचून अडू नये. एवढं लिहिलं की कोणी चिडत नाही, चिडायला काही उरतच नाही. मेट्रो ३ ने जाणाऱ्यांनी खाली उतरायच्या आधीच टाकून मोकळं व्हा, भुयारात नेटवर्कच्या भरवशावर राहू नका.

रविवारी शिफ्ट असेल तर शनिवारीच ब्लॉक बघून ठेवायचा. सेंट्रल-हार्बरचा मेगाब्लॉक आणि वेस्टर्नचा जम्बोब्लॉक दोन्ही आधी जाहीर होतात, त्यामुळे 'मेगाब्लॉक होता' हे सोमवारी कारण म्हणून कोणी ऐकून घेत नाही आणि घेऊ पण नये. पावसाचं वेगळं. ज्यांनी २६ जुलै २००५ बघितलाय, सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर, ते मॅनेजर अजून पावसाला घाबरून असतात, त्यामुळे रेड अलर्ट आला की आदल्या संध्याकाळी स्वतःच विचारून टाका, उद्या घरून करू का, लॅपटॉप घेऊन जातेय. हवामान खातं अलर्ट देतं तो बातम्यांत बघायला दोन मिनिटं लागतात. आणि जूनपासून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक छोटा टॉवेल, कोरे मोजे आणि साध्या चपला ठेवून द्या. ओले बूट एसीत वाळले की काय वास सुटतो हे घालणाऱ्याला सोडून सगळ्यांना कळतं.

आता काम. इथे जरा नीट वाचा कारण नव्वद टक्के बोलणी इथेच खाल्ली जातात (आकडा माझ्या मनातला आहे, धरून बसू नका).

काम सांगताना साहेब लोक अर्धंच सांगतात. मुद्दाम नाही, त्यांच्या डोक्यात उरलेलं अर्धं फिट असतं आणि त्यांना वाटतं ते आपल्या पण डोक्यात आहे. आपण 'हो सर, हो सर' करत जागेवर येतो, दोन दिवस राबतो आणि मग कळतं त्यांना वेगळंच पाहिजे होतं. त्यामुळे वही घेऊन जायचं, लिहून घ्यायचं, आणि उठायच्या आधी परत वाचून दाखवायचं : 'सर एकदा कन्फर्म करते, फक्त वेस्ट झोन, एप्रिल ते जून, उद्या चारपर्यंत, आणि हे तुम्ही क्लायंटला पाठवणार, बरोबर?' ह्यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, हे पुढे कोणाकडे जाणार. साहेब स्वतः बघणार असतील तर साधी एक्सेल चालते, क्लायंटकडे जाणार असेल तर हेडिंगपासून सगळं टापटीप लागतं, आणि डायरेक्टरकडे जाणार असेल तर त्यांना दहा शीट नको असतात, वर तीन ओळी पाहिजे असतात. 'आज दिवसभरात दे' म्हणाले तर वाजता किती ते विचारायचं, लाजायचं नाही, कारण काहींचा दिवस पाचला संपतो आणि काहींचा रात्री अकराला.

मग काम सुरू केलं की पूर्ण होईपर्यंत लपवून ठेवू नका. थोडंसं झालं की दाखवा, 'सर पहिल्या दोन ब्रँचचं असं केलंय, हाच फॉरमॅट बाकीच्यांना लावू का?' दोन मिनिटं जातात त्यांची, पण तुमचा दीड दिवस वाचतो. नवीन लोकांना वाटतं अर्धवट दाखवलं तर येत नाही म्हणतील, पण उलट असं विचारणाऱ्याचं काम नंतर कमी तपासलं जातं, मी स्वतः कमी तपासते.

आणि होणार नसेल तर ते कधी सांगायचं? चारची डेडलाइन असेल आणि सकाळी अकरालाच दिसतंय की अकाउंट्सकडून डेटा आलेला नाही, तर अकरालाच. पावणेचारला सांगितलं तर साहेबांच्या हातात करण्यासारखं काही राहत नाही, अकराला सांगितलं तर ते एक फोन फिरवून डेटा मिळवून देऊ शकतात किंवा क्लायंटला आधी कळवू शकतात. सांगताना नुसतं रडगाणं नको, 'डेटा आला नाही, दोनदा मेल केलाय, आता स्वतः जाऊन येते, तोपर्यंत बाकीचा भाग तयार करते, सहा वाजतील' असं पूर्ण सांगा.

हातात आधीच काम असताना नवीन काम आलं तर 'नाही' म्हणायची पण गरज नाही आणि गुपचूप दोन्ही घेऊन मरायची पण गरज नाही. 'करते, पण मग सकाळचा रिपोर्ट गुरुवारी जाईल, चालेल का?' निवड त्यांना करू द्या, त्यासाठीच त्यांना पगार जास्त आहे.

डाउट विचारायचं एक तंत्र आहे. आधी पाच-दहा मिनिटं स्वतः बघायचं, मग काय बघितलं ते सांगून विचारायचं. उदाहरणच देते, दर वर्षी फेब्रुवारीचा पगार झाला की कोणीतरी नवीन पोरगा एचआरकडे धावत जातो की माझे शंभर रुपये जास्त कापले. अरे महाराष्ट्रात प्रोफेशनल टॅक्स महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० असा वर्षाला २५०० बसवलेला असतो, जानेवारीची स्लिप शेजारी ठेवून बघितली असती तर लाइन दिसली असती. विचारणं चूक नाहीये, पण 'पीटीमध्ये फरक दिसतोय, कशामुळे?' असं विचारलं तर माणूस वाचून आलाय हे समोरच्याला कळतं.

मेल आणि व्हॉट्सअॅपचं थोडक्यात. व्हॉट्सअॅपवर नुसतं 'हाय मॅम' टाकून थांबायचं नाही, समोरचा मीटिंगमध्ये असतो आणि त्याचा जीव टांगणीला, एकाच मेसेजमध्ये सगळं लिहा. बॉसला व्हॉइस नोट नको. मेलच्या पहिल्याच ओळीत काय पाहिजे ते, कहाणी खाली. अटॅचमेंट आधी जोडा आणि मग लिहायला घ्या, पाठवायचं नाव सगळ्यात शेवटी टाका. फाइलच्या नावात तारीख घाला, 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरी' असली नावं बघून समोरच्याचा विश्वास उडतो. रिप्लाय ऑल दाबताना एकदा श्वास घ्या.

इंग्लिशबद्दल मराठी मीडियमची मुलं फार घाबरतात. मीटिंगच्या आधी आपण काय बोलणार आहोत त्याची दोनच वाक्यं वहीत लिहून ठेवा आणि मीटिंगच्या पहिल्या दहा मिनिटांत बोलून टाका, जितकं थांबाल तितकं जड होतं. आकडे तोंडपाठ असू द्या. अडखळत बोललेला बरोबर आकडा लोक लिहून घेतात, पॉलिश्ड बोलण्यातला चुकीचा आकडा पण लक्षात ठेवतात. आणि आपण दोघं मराठी असलो की मराठीत बोलायचंच, त्यात कमीपणा काय, फक्त कामाचं चाललंय आणि तिसरा गुजराती किंवा तमिळ माणूस शेजारी उभा आहे तर हिंदीवर या, त्याला सारखं 'काय म्हणाले' विचारायला लागू नये.

हाका मारण्यावरून पण माणूस कळतो. नवीन कंपन्यांत सगळे नावाने हाक मारतात, बँकेत आणि जुन्या फर्ममध्ये सर-मॅडमच, आपण पहिले दोन दिवस ऐकायचं आणि मग बोलायचं. पण पँट्रीतले मामा, सिक्युरिटीवाले काका, साफसफाईच्या मावशी, ह्यांना सगळीकडे अहो-जाहोच. बॉसला गोड बोलून मामांना 'ए चहा आण' करणारा पोरगा कोणाच्या नजरेतून सुटत नाही. वरून स्वार्थाचं बोलायचं तर मीटिंग रूम रिकामी कधी होणार, कुरियर आलं का, साहेब आज कोणत्या मूडमध्ये आहेत हे सगळं आधी त्यांनाच माहीत असतं.

खाली टपरीवर चहाला जायचंच, एकटं कोपऱ्यात बसून कोणी मोठं होत नाही. ऐका, हसा, पण बॉसबद्दल आपण बोललेलं वाक्य तिथे सोडून येऊ नका, ते लिफ्टच्या आधी वर पोहोचतं. तसंच लोकलमध्ये फोनवर क्लायंटचं नाव आणि रेट मोठ्याने बोलायचे नाहीत, समोर उभा असलेला माणूस कुठे कामाला आहे तुम्हाला काय माहीत. आणि मी पक्की मासेखाऊ म्हणून हक्काने सांगते, सुकटीचा डबा आणा, जरूर आणा, पण बंद एसीच्या मजल्यावर मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका.

सुट्ट्या. गणपतीला गावी जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, रेल्वेचं रिझर्व्हेशन १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० च्या ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. तर ज्या सकाळी कोकण रेल्वेचं तिकीट काढायला बसता त्याच दिवशी साहेबांच्या कानावर घाला, अर्ज पण टाका, कारण चतुर्थीच्या आठवड्यात अर्धी टीम तेच मागणार आहे. टीममध्ये आपसात ठरवून जा, मी गणपती घेते, तू दिवाळी घे, तिला ईद किंवा ख्रिसमस, मग साहेबांना नुसतं हो म्हणायचं उरतं. जाताना एक पान लिहून ठेवा, काय कुठे आहे, कोणाचा फोन येऊ शकतो, काय थांबलं तरी चालेल. गावाला आरतीच्या मधे फोन वाजू नये असं वाटत असेल तर हे पान नीट लिहा.

घरी जायचं तर काम संपलं की जा. दाखवायला बसून राहणाऱ्यांना सगळे ओळखतात, आणि कर्जत-कसाऱ्याच्या गाड्या काही दर पाच मिनिटांनी नसतात. फक्त पावणेसातला निघायचंय हे दुपारीच सांगून ठेवा, सहा चाळीसला बॅग उचलताना नको.

एक गोष्ट मुलींना खास. इंप्रेशन खराब होईल म्हणून कोणाचं अंगाला लागणं, घाणेरडे मेसेज, असलं काही सहन करायचं नाही. २०१३ चा कायदा आहे, दहा किंवा जास्त लोक कामाला असतील तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे, तक्रार लेखी आणि तीन महिन्यांच्या आत करायची असते. मेसेज डिलीट करू नका, तारखा लिहून ठेवा.

आणि अप्रेझल. मार्चमध्ये फॉर्म समोर येतो आणि माणसाला मागच्या जूनमध्ये काय केलं ते आठवत नाही, साहेबांना तर त्याहून नाही. दर शुक्रवारी निघायच्या आधी साहेबांना चार ओळींचा मेल टाका, ह्या आठवड्यात काय झालं, काय अडकलंय, कोणाकडे अडकलंय, पुढच्या आठवड्यात काय करणार. कोणी मागितला नसेल तरी टाका, कदाचित उत्तर पण येणार नाही. वर्षाच्या शेवटी तेच सगळे मेल उघडून फॉर्म भरायचा, आकड्यांसकट. क्लायंटने थँक्यू म्हटलेले मेल पण त्याच फोल्डरमध्ये सरकवत जा, ऑफिसच्याच मेलबॉक्समध्ये हं, स्वतःच्या जीमेलवर फॉरवर्ड करू नका, त्यावरून आयटीवाले वेगळी चौकशी लावतात.