आंब्याखालच्या सावलीत मोंडो ग्रास लावताना या चुका टाळा

जुन्या आंब्याखाली हिरवळ तग धरत नाही, कारण तिथे पुरेसे ऊन पोचत नाही आणि मातीच्या वरच्या थरातील बरेचसे पाणी झाडाची मुळेच ओढून घेतात. अशा जागी बारमाही हिरवे राहणारे मोंडो ग्रास चांगले जमते; तरीही ते अनेक बागांमध्ये वर्षभरात विरळ आणि पिवळे पडलेले दिसते. ते दिसायला गवतासारखे असले तरी शतावरीच्या कुळातील आहे, जपान, चीन आणि कोरियातील सावलीच्या जागा हे त्याचे मूळ घर आहे, आणि ते ठोंबातून फुटवे काढत अगदी सावकाश पसरते. त्याला हरळीसारखे वागवणे हे माझ्या मते बहुतेक अपयशांचे मूळ आहे.

लावणीपूर्वी जमीन सरसकट खणणे किंवा वर जाड भर टाकणे या दोन्ही गोष्टी आंब्यालाच घातक ठरतात. खणताना त्याची अन्न शोषणारी बारीक मुळे तुटतात. भर घातल्यास मुळांना हवा मिळत नाही आणि बुंध्याभोवती माती साचली तर साल कुजू लागते. म्हणून जाड मुळांच्या मधल्या मोकळ्या जागा शोधून, तिथेच खुरप्याने लहान खड्डे करावेत आणि त्यांत कुजलेले शेणखत मिसळावे. रोप लावताना पाने आणि मुळे जिथे जुळतात तो भाग मातीच्या पातळीवर राहायला हवा, कारण तो खोल गाडला गेला की पावसाळ्यात हमखास सडतो.

रोपवाटिकेतील एका पिशवीत बहुधा अनेक फुटवे एकत्र असतात, आणि ती पिशवी तशीच लावून मोठी अंतरे सोडणे हा पैशांचा अपव्यय आहे. प्रत्येक भागाला मुळे आणि चार-पाच पाने राहतील अशा बेताने ठोंब फोडून 15 सेंटिमीटर अंतरावर लावावा. या हिशेबाने एका चौरस मीटरला सुमारे 44 रोपे लागतात. बुटक्या जातीसाठी 10 सेंटिमीटर अंतर ठेवले तर शंभर रोपे लागतील. एवढे करूनही जमीन पूर्ण झाकायला दोन वर्षे सहज जातात, आणि तोवर उघड्या मातीत तण येणारच.

त्या तणांपैकी लव्हाळ्याला खरोखर घाबरले पाहिजे. त्याची पाने मोंडोच्या पानांत बेमालूम मिसळतात, आणि वरून उपटली तरी जमिनीतील गाठी तशाच राहून पुन्हा फुटतात. एकदा तो मोंडोच्या मुळांत शिरला की दोन्ही उपटल्यावाचून गत्यंतर नसते. त्यामुळे लावणीच्या आधी जागेला पाणी देऊन लव्हाळा उगवू द्यावा, गाठींसकट काढावा आणि हे दोन-तीन वेळा करावे, मग लावणीला महिना उशीर झाला तरी चालेल. विकत आणलेल्या पिशवीतही गाठी असतात, म्हणून रोपाची मुळे मोकळी करून तपासावीत.

पाण्याच्या बाबतीत दोन टोकांच्या चुका होतात. पागोळ्यांच्या रेषेत किंवा गच्चीच्या पाइपाखाली लावलेल्या रोपांची मुळे सडतात. पाने पिवळी पडून बुडाशी मऊ लागत असतील, तर पाणी वाढवण्याऐवजी निचरा सुधारावा. याउलट केवळ टोके तपकिरी होत असतील तर बहुधा उन्हाळ्यातील कोरडेपणा, बोअरवेलच्या पाण्यातील क्षार किंवा युरियाचा अतिरेक कारणीभूत असतो. पश्चिमेच्या भिंतीलगत पाने पांढुरकी होऊन करपत असतील तर तो उन्हाचा परिणाम आहे, आणि तिथे जलपिंपळीसारखी ऊन सोसणारी देशी वेल लावणे अधिक शहाणपणाचे.

गवत कापायचे यंत्र मोंडोवर नियमित फिरवू नये. जीर्ण पाने काढायचीच असतील तर वर्षातून एकदा, नवी पालवी फुटण्याआधी, ठोंबाला इजा न करता कातरावीत. आंब्याची गळलेली पाने मात्र दाताळ्याने हलकेच ओढून घ्यावीत, कारण त्यांचा ओला थर साचला की खालचे फुटवे गुदमरतात.

वाढ संथ आहे म्हणून कंटाळून वेडेलिया लावण्याचा मोह अनेकांना होतो, आणि त्याला माझा ठाम विरोध आहे. पिवळ्या फुलांची ही वेल प्रत्येक पेरावर मुळे धरते, कुंपण ओलांडून ओढ्याकाठी पसरते आणि जगातील शंभर सर्वांत उपद्रवी परकीय आक्रमक जातींच्या यादीत तिचे नाव आहे. मोंडोत रिकाम्या जागा राहिल्याच, तर पावसाचा जोर ओसरल्यावर सप्टेंबरात कडेचे जोमदार ठोंब फोडून त्याच रोपांनी त्या भरून काढाव्यात, आणि मुळे धरेपर्यंत त्यांना नेमाने पाणी द्यावे.