सिंहगड–राजगड–तोरणा: डिसेंबरातील लांब डोंगरी शर्यत जोडीने धावताना

सिंहगड, राजगड आणि तोरणा यांना जोडणारी वाट पुण्यातील गिर्यारोहकांना अनेक वर्षांपासून परिचित आहे. आता डिसेंबरमध्ये याच पट्ट्यात अल्ट्रा, म्हणजे मॅरेथॉनहून लांब पल्ल्याची, शर्यत भरते आणि तिच्यातील 53 किलोमीटरचा गट अनुभवी धावपटूचाही पूर्ण कस लावतो. नोंदणी प्रत्येकाच्या नावावर स्वतंत्र असली, तरी बरेच जण शेवटपर्यंत एकत्र राहायचे ठरवून उतरतात. अशा जोडीची तयारी एकट्याच्या तयारीहून वेगळी असते. दमल्यावर घ्यावे लागणारे बहुतेक निर्णय दोघांनी आधीच, शांत डोक्याने घेऊन ठेवायला हवेत, हा त्या तयारीचा गाभा आहे.

जोडीदार निवडताना मॅरेथॉनमधील वेळा जुळतात का, हे पाहण्याची प्रथा आहे; माझ्या मते उतारावरचा वेग जुळणे त्याहून महत्त्वाचे आहे. चढावर पुढे गेलेल्याला थोडे थांबून अंतर सहज भरून काढता येते, परंतु घसाऱ्याच्या उतारावर ज्याचे पाय बिचकतात त्याला जोडीदाराची चाल गाठण्यासाठी घाई करावी लागली, तर घोटा मुरगळण्याची किंवा घसरून पडण्याची शक्यता फार वाढते. डिसेंबरात पावसाळी माती सुकून मोकळा मुरूम वर आलेला असतो आणि वाळलेले गवत आडवे पडून निसरडे झालेले असते, म्हणून निवड पक्की करण्यापूर्वी अशा उतारावर दोघांनी एकदा तरी सोबत धावून पाहावे.

सरावासाठी पुणेकरांना दूर जावे लागत नाही. पायथ्याच्या आतकरवाडीतून सिंहगडाची सुमारे 600 मीटरची चढाई एका सकाळी दोन-तीन वेळा करता येते, आणि कात्रज ते सिंहगड ही टेकड्यांची रात्रवाट अंधारातील सरावासाठी उत्तम आहे. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 मध्ये मांडलेला ठोकताळा वेळेचा अंदाज बांधताना आजही कामी येतो: सपाटीवरच्या दर 5 किलोमीटरला एक तास आणि त्याखेरीज दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. धावपटू यापेक्षा वेगाने जातात, परंतु 600 मीटरची चढाई म्हणजे सपाटीवरचे 5 किलोमीटर, हे प्रमाण वेळापत्रक आखताना पुरेसे विश्वासार्ह ठरते. वेळापत्रक दोघांपैकी हळू असलेल्याच्या चालीने मांडावे आणि आयोजकांच्या वेळमर्यादेशी ताडून पाहावे. तेवढ्या चालीत मर्यादा पाळली जाणार नसेल, तर लहान गट निवडणेच योग्य.

यानंतर तीन गोष्टी स्पष्ट बोलून ठरवाव्यात. एकाची चाल मंदावल्यास दुसरा थांबणार की पुढे जाणार? वेगळे व्हायचेच झाले, तर ते मधल्या वाटेवर कधीही न होता केवळ स्वयंसेवक हजर असलेल्या मदतकेंद्रावरच व्हावे, हे मान्य आहे का? आणि ‘आता बस’ असे एकाने म्हटल्यावर दुसऱ्याने त्याचे मन वळवायचे की तो शब्द अखेरचा मानायचा? शेवटच्या प्रश्नावर माझे मत ठाम आहे: ज्याचे शरीर, त्याचा शब्द अखेरचा. मात्र जोडीदाराला भ्रम होत असेल किंवा त्याचे बोलणे अडखळत असेल, तर त्याला थांबवण्याचा अधिकार दुसऱ्याकडे असावा, हेही आधीच कबूल करून घ्यावे.

सह्याद्रीतील हिवाळा पहाटे आणि दुपारी दोन वेगळी रूपे दाखवतो. पहाटे दरीत चांगलाच गारठा असतो, तर दुपारी डोंगराच्या उघड्या सोंडेवर, म्हणजे लांब धारेवर, ऊन चटके देते. त्यामुळे घडी करून पिशवीत मावेल असे पातळ वाराविरोधक जाकीट घ्यावे आणि पहिल्या चढावर घाम फुटण्याआधीच ते काढावे. थंडीत तहान लागल्याचे चटकन लक्षात येत नाही, म्हणून दोघांनी एकमेकांना पाण्याची आठवण करून द्यावी. पण नुसते पाणी अति प्यायल्यास रक्तातील सोडियम धोकादायकरीत्या उतरू शकते, तेव्हा तहानेप्रमाणे प्यावे आणि मीठ-साखरेचे पाणी किंवा ओआरएस सोबत ठेवावे. तासाला साधारण 30 ते 60 ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत. धावपटूंसाठीचे ऊर्जा देणारे जेल मानवत नसेल, तर मीठ लावलेला उकडलेला बटाटा, खजूर, राजगिऱ्याची वडी हे पदार्थ चालतात, फक्त ते सरावात पोटाला मानवलेले असावेत.

सामानाची विभागणी करताना हलके होण्याचा मोह आवरावा. क्रेप बँडेज, जंतुनाशक, काटे काढण्याचा चिमटा एकाकडे असला तरी पुरतो. पाणी, शिट्टी, हेडटॉर्च आणि उष्णता टिकवणारी चंदेरी चादर मात्र प्रत्येकाकडे स्वतःची हवी, कारण या वस्तूंची सर्वाधिक गरज दोघांची चुकामूक होते तेव्हाच लागते. डिसेंबरच्या मध्यास येथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे दिवसा संपेल अशा हिशेबाने निघालेल्यांनीही टॉर्च सोडू नये. घोट्यावर छोटे गेटर, म्हणजे बुटाचे तोंड झाकणारी कापडी आवरणे, चढवावेत. या दिवसांत गवताची कुसळे मोज्यात घुसून मैलोन्‌मैल टोचत राहतात.

शर्यतीचा नेमका मार्ग आयोजकांच्या नकाशावरून समजून घ्यावा; पारंपरिक वाटेवरील दोन जागांविषयी मात्र आवर्जून सांगावेसे वाटते. पायथ्याच्या गुंजवणे गावाकडून राजगडाच्या चोर दरवाजाने चढताना शेवटचा टप्पा कातळातील अरुंद पायऱ्यांचा आहे. तेथे एका वेळी एकानेच चढावे आणि पर्यटकांना आधी वाट द्यावी. राजगडाच्या संजीवनी माचीवरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणारी सोंड लांब, उघडी आणि चढउतारांची आहे. बहुतेकांची शक्ती येथेच संपते आणि जोडीची खरी परीक्षाही येथेच होते. चढावर हळू असलेल्याला पुढे ठेवावे, म्हणजे चाल त्याच्या दमानुसार ठरते. मोकळ्या दगडांच्या उतारावर दोघांमध्ये पुरेसे अंतर ठेवावे, शक्य तेथे एकाच रेषेत उतरू नये, आणि दगड सुटताच मोठ्याने ‘दगड!’ अशी हाक द्यावी. कड्यांवर आग्या मोहोळे असतात, म्हणून अत्तर लावू नये आणि कड्याजवळ आरडाओरडाही करू नये.

जोडीदाराकडे लक्ष ठेवणे म्हणजे सतत ‘बरा आहेस ना?’ असे विचारणे नव्हे, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते. त्याऐवजी मागच्या केंद्रावर काय खाल्ले किंवा लघवी कधी झाली, असे नेमके प्रश्न विचारावेत. गडबडलेली उत्तरे, अकारण चिडचिड, खाण्याचा कंटाळा, उन्हात वाजणारी थंडी यांपैकी काहीही दिसले, तर सावलीत बसवून दहा मिनिटे द्यावीत आणि सुधारणा नसेल तर केंद्राशी संपर्क साधावा. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या धावताना घेऊ नयेत, कारण निर्जलीकरणात त्या मूत्रपिंडांवर ताण आणतात. दरीत मोबाईलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून मिनिटभरात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, हा संकटसंकेत दोघांनाही ठाऊक असावा. रेंज मिळताच शर्यतीच्या आपत्कालीन क्रमांकावर किंवा 112 वर कळवावे.

शर्यत संपताच घामाचे कपडे बदलावेत, कारण ऊन उतरल्यावर थकलेले शरीर झपाट्याने गार पडते. परतीसाठी गाडी चालवणारी तिसरी व्यक्ती आधीच ठरवलेली असावी. दिवसभर धावलेल्या दोघांपैकी कोणीही त्या रात्री पुण्यापर्यंत गाडी चालवू नये.