फ्लॉपी वाचली जात नाही: दोष ड्राइव्हचा की ओलीचा?

पाऊस सुरू झाला की गोव्यात कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर बुरशी चढते. फ्लॉपीवरही, म्हणजे संगणकाचा मजकूर साठवणाऱ्या जुन्या चुंबकीय डिस्कवरही, तीच चढते, पण प्लॅस्टिकच्या कवचाआड असल्याने ती दिसत नाही. म्हणून फोंड्याच्या एखाद्या जुन्या छापखान्यातला किंवा देवस्थानच्या कचेरीतला फ्लॉप्यांचा डबा उघडलात आणि पहिली डिस्क वाचली गेली नाही, तर लगेच दुसरी, तिसरी घालून पाहू नका. बुरशीची एक डिस्क ड्राइव्हच्या (फ्लॉपी वाचणाऱ्या यंत्राच्या) हेडला, म्हणजे डिस्कला टेकून वाचणाऱ्या टोकाला, घाण चिकटवते, आणि तेच हेड पुढच्या धडधाकट डिस्कवर ओरखडे काढते.

आधी डिस्क उजेडात पाहा. साडेतीन इंची असेल तर धातूचे शटर बोटाने सरकवून धरा आणि मागची धातूची चकती हळूहळू फिरवा. आतली काळपट फिल्म गुळगुळीत आणि एकसारखी चकाकली पाहिजे. पांढुरके ठिपके म्हणजे बुरशी. गोल रेघ म्हणजे कोणत्यातरी हेडने आधीच खरवडलेली जागा, आणि तिथला मजकूर गेला असे समजा. ठिपकेवाल्या डिस्क वेगळ्या ठेवा. चांगल्या डिस्कची कोपऱ्यातली खिटी सरकवून भोक उघडे करा, म्हणजे चुकूनही काही लिहिले जाणार नाही. सव्वापाच इंचीत उलटे असते: तिथे कडेची खाच चिकटपट्टीने झाकली की लिहिणे बंद होते.

विंडोजने ‘डिस्क फॉरमॅट झालेली नाही, करायची का?’ असे विचारले तर उत्तर एकच: नाही. डिस्क कोरी आहे असा त्याचा अर्थ होत नाही. पहिला सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा मजकुराचा पहिला तुकडा, वाचता आला नाही, एवढेच ते सांगते.

आता ड्राइव्ह. त्याची परीक्षा नेहमी बिनमहत्त्वाच्या, पण वाचली जाते अशी खात्री असलेल्या डिस्कने घ्या. ती वाचली गेली तर ड्राइव्ह ठीक आहे आणि दोष बहुधा डिस्कचा. नाही वाचली गेली तर पुढची लक्षणे पाहा.

संगणक सुरू होताच ड्राइव्हचा दिवा लागला आणि विझलाच नाही, तर रिबन केबल (ड्राइव्हला संगणकाशी जोडणारी चपटी केबल) उलटी बसली आहे. केबलची लाल कड १ नंबरच्या पिनकडे हवी. केबलमध्ये ३४ तारा असतात आणि १० ते १६ या तारांना मध्ये पीळ दिलेला असतो. पिळाच्या पलीकडच्या टोकाला जोडलेला ड्राइव्ह ए होतो.

दिवा लागतच नसेल तर बायोस, म्हणजे संगणक सुरू होतानाची मूळ सेटिंग, उघडा. वर्षानुवर्षे बंद असलेल्या संगणकात मदरबोर्डवरची (मुख्य पाटीवरची) नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी संपलेली असते आणि बायोस ड्राइव्हची नोंद विसरतो. नवी बॅटरी घालून १.४४ एमबी, साडेतीन इंची अशी नोंद पुन्हा करा. वीजही मोजून घ्या: लाल तारेवर ५ आणि पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट.

डिस्क बदलली तरी आधीच्याच डिस्कची यादी दिसते, तेव्हा ३४ क्रमांकाची तार तुटलेली असते किंवा तिची पिन वाकलेली असते. डिस्क बदलल्याचा निरोप त्याच तारेने जातो. हा दोष फसवा आहे, कारण सगळे चालू असल्यासारखे वाटते. अशा वेळी काही लिहिले तर जुन्या यादीच्या भरवशावर नव्या डिस्कचा सत्यानाश होतो.

वरचे काहीच नसेल तर हेड साफ करा. निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात. वीज काढा, ड्राइव्ह बाहेर घ्या, वरचे पत्र्याचे झाकण उघडा. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लागते. औषधाच्या दुकानातले सर्जिकल स्पिरिट नको, त्यात पाणी असते. सॅनिटायझर आणि थिनर तर मुळीच नको. कापसाचे धागे हेडात अडकतात, म्हणून फोमची काडी घ्या. खालचे हेड पक्के असते, वरचे पातळ पत्र्याच्या स्प्रिंगवर तरंगते. ते काडी जेमतेम आत जाईल इतकेच उचला. जास्त ओढले की स्प्रिंग वाकते, आणि मग तो ड्राइव्ह दुरुस्त होत नाही. काडीवर तपकिरी डाग येणे थांबेपर्यंत नवनवीन काड्या वापरा आणि दोन-तीन मिनिटे वाळू द्या.

झाकण उघडे आहे तोवर हेड पुढे-मागे नेणारा दांडाही पाहा. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत त्यावर गंज येतो आणि जुने ग्रीस मेणासारखे घट्ट होते. हेड मग काही ट्रॅकपर्यंतच (डिस्कवरच्या गोल पट्ट्यांपर्यंतच) जाते, म्हणून यादी दिसते पण शेवटच्या फाइली उघडत नाहीत. जुने ग्रीस पुसा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब काडीच्या टोकाने लावा. हेडला तेल लागता कामा नये.

प्रत्येक न वाचलेली डिस्क खराबच असते असे नाही. एका ड्राइव्हचे हेड केसभर सरकलेले असेल तर त्यावर लिहिलेली डिस्क दुसऱ्यावर वाचली जात नाही. सव्वापाच इंचीत आणखी एक गोम आहे: ३६० केबीची डिस्क नंतर कोणी १.२ एमबीच्या ड्राइव्हवर लिहिली असेल, तर तिच्यावरचे ट्रॅक अरुंद झालेले असतात. ती ३६०च्या ड्राइव्हमध्ये अडते, १.२ मध्ये चालण्याची शक्यता जास्त. बाजारात मिळणारे यूएसबी ड्राइव्ह साधारणपणे साडेतीन इंची १.४४ एमबी आणि ७२० केबी एवढेच वाचतात. ८०० केबीच्या जुन्या मॅकच्या डिस्कसाठी त्यांचा उपयोग नाही. तिथे ग्रीझवीझलसारखे, डिस्कवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपणारे यंत्र लागते.

डिस्क वाचू लागली की फाइली एकेक करून उचलू नका. एका फेरीत अख्ख्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे एकाच फाइलीत हुबेहूब प्रत, काढा. लिनक्सवरचा डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम यासाठी उत्तम: पहिल्या फेरीत अडलेले सेक्टर सोडून पुढे जायला सांगा, मग फक्त अडलेल्यांवर पुन्हा प्रयत्न. कुठले सेक्टर राहिले याची नोंद तो नकाशाच्या फाइलीत ठेवतो. तीच फाइल घेऊन तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली, तर राहिलेले सेक्टर तिथे पुष्कळदा सापडतात. १.४४ एमबीच्या डिस्कची पूर्ण प्रतिमा नेमकी १४,७४,५६० बाइटची भरते. मध्ये खरखर ऐकू आली तर ताबडतोब थांबा.

बुरशीच्या डिस्क सगळ्यात शेवटी घ्या. आधी सिलिका जेलसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात काही दिवस ठेवा; उन्हात नको, कवच वाकते. मग कवच उकलून फिल्म बाहेर काढा, अल्कोहोल लावलेल्या फोमने गोलाकार दिशेने दोन्ही बाजू हलक्या हाताने पुसा आणि नव्या, त्याच क्षमतेच्या डिस्कच्या कवचात बसवा. जुन्या कवचातल्या अस्तरात बुरशी मुरलेली असते, ते परत वापरू नका. अशा प्रत्येक डिस्कनंतर हेड पुन्हा साफ करायचे. कंटाळवाणे आहे, पण इथे आळस महागात पडतो.

एवढे करून मराठीची फाइल उघडली आणि पडद्यावर नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसली, तर डिस्कला दोष देऊ नका. युनिकोडच्या (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरांच्या समान पद्धतीच्या) आधीचा मजकूर श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएम या टंकनाच्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टांत बांधलेला असायचा, आणि तो फॉन्ट नसेल तर अक्षरे जुळत नाहीत. ज्या संगणकावर त्या फ्लॉप्या भरल्या गेल्या, तो भंगारात देण्याआधी त्याचे फॉन्टचे फोल्डर उतरवून घ्या.