आयटीआय, डिप्लोमा आणि कागदांचा घोळ: नवीन येणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रात टेक्निकलला जायचं म्हटलं की लोक सगळं एकाच खात्याचं असल्यासारखं बोलतात, "टेक्निकलचे फॉर्म कधी निघतायत रे" वगैरे. तसा एक फॉर्म नसतोच. आयटीआय वेगळं खातं चालवतं, डिप्लोमा वेगळं, पोर्टल वेगळं, तारखा वेगळ्या, परीक्षा वेगळी. मी फिटर ट्रेडने (ट्रेड म्हणजे आयटीआयतला कोर्स) आयटीआय केलं, मग अप्रेंटिसशिप, मग थेट दुसऱ्या वर्षाला डिप्लोमा, म्हणजे दोन्हीकडच्या खिडक्यांसमोर उभा राहून झालंय, आणि मला सांगायचंय ते एवढंच की कुठला कागद कोण देतं हे कळलं की निम्मे हेलपाटे वाचतात.

आयटीआय येतं व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडे, सगळे डीव्हीईटी म्हणतात, आणि ते कौशल्य विकास खात्याखाली आहे. डिप्लोमा म्हणजे पॉलिटेक्निक, ते तंत्रशिक्षण संचालनालयाकडे, म्हणजे डीटीई, आणि ते उच्च व तंत्र शिक्षण खात्यात. डीटीई फक्त प्रवेश आणि मान्यतेचं बघतं, डिप्लोम्याचा अभ्यासक्रम आणि परीक्षा एमएसबीटीईची, म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाची. अकरावी-बारावीतला व्होकेशनल, ज्याला जुने लोक अजून एमसीव्हीसीच म्हणतात, तोही डीव्हीईटीकडे, पण बारावीची परीक्षा आपल्या नेहमीच्या बोर्डाची. सायन्सला बायफोकल घेणारे तर हे सगळं न कळताच दोनशे मार्कांचा टेक्निकल विषय घेऊन मोकळे होतात, त्यांचं बरं असतं.

आता आयटीआयमधली गंमत अशी की संस्था राज्याची, निदेशक म्हणजे शिकवणारे सर राज्याच्या पगारावर, प्रवेश राज्याचा, पण अभ्यासक्रम दिल्लीच्या प्रशिक्षण महासंचालनालयाचा (डीजीटी) आणि शेवटी हातात येणारं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र म्हणजे एनटीसी पण तिकडचंच. आयटीआय ज्या योजनेखाली चालतं ती शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना 1950 पासून चालू आहे. म्हणून सर्टिफिकेटवर नाव चुकलं की तालुक्याच्या आयटीआयमधला क्लार्क काही ते स्वतः खोडून दुरुस्त करू शकत नाही, तो फक्त पुढे पाठवतो. आमच्या बॅचच्या एकाची जन्मतारीख ॲडमिशनच्या वेळी चुकीची टाईप झाली होती, कोणाच्या लक्षात नाही, पास झाला, आणि कंपनीत कागद तपासताना दहावीचं मार्कशीट एक सांगतंय आणि एनटीसी दुसरंच. आयटीआयने सांगितलं वर पाठवलंय, वरून सांगितलं संस्थेकडून आलंच नाही, आणि मधल्या मध्ये त्याचं जॉइनिंग लटकलं. म्हणून ॲडमिशनच्या आठवड्यातच स्वतःची एन्ट्री स्क्रीनवर बघून घ्या, नाव दहावीच्या मार्कशीटसारखं, आधारवरही तसंच, आईचं नाव, जन्मतारीख. सर लोक "होईल रे" म्हणतात, तरी बघाच.

प्रायव्हेट आयटीआयला जात असाल तर बिल्डिंग बघून भुलू नका. मान्यता संस्थेला मिळाली म्हणजे झालं असं नसतं, ती ट्रेडप्रमाणे आणि युनिटप्रमाणे असते. युनिट म्हणजे एक तुकडी, फिटर, इलेक्ट्रिशियनची वीस जणांची, कोपाची (कॉम्प्युटरचा ट्रेड) चोवीसची. तुमचं युनिट मान्य आहे का हे विचारा, आणि संस्थेचा कोड मागा. आपल्या राज्यात सरकारी आयटीआयचा कोड जीआर27 ने आणि खाजगीचा पीआर27 ने सुरू होतो, तो टाकून केंद्राच्या पोर्टलवर ट्रेड दिसतात का बघायला पाच मिनिटं लागतात. कोड द्यायला का-कू करत असतील तर तिथून निघा. राज्यात सरकारी आयटीआयच चारशेच्या वर आहेत, त्यामुळे "दुसरं काही जवळ नाही" हे बरेचदा खरं नसतं.

प्रवेशाचं एकच सांगतो. ऑप्शन भरताना पहिल्या नंबरवर उगाच काहीतरी टाकू नका. पहिली पसंती मिळाली की ती घ्यावीच लागते, नाही घेतली तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर, आणि डिप्लोम्याच्या कॅप राउंडला, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांनाही असंच आहे. वेल्डर, वायरमनसारख्या काही ट्रेडला दहावी नापासही चालतो, डिप्लोम्याला मात्र दहावीला किमान 35 टक्के लागतात आणि मेरिट दहावीच्या मार्कांवरच लागतं, सीईटी वगैरे भानगड नाही.

आत गेल्यावर काय होतं ते कोणी सांगत नाही. फिटरला पहिले काही आठवडे नुसतं घासणं. लोखंडाचा एक तुकडा वाईसमध्ये धरायचा, कानस मारायची, ट्राय स्क्वेअर (गुण्या) लावून उजेडाकडे धरायचं, फटीतून उजेड दिसला की परत घासायचं. सगळ्यांना वाटतं मशीन कधी देणार. पण व्हर्नियरने माप घेताना हात स्थिर राहतो तो याच घासण्यामुळे, आणि पुढे मेल-फिमेल फिटिंगचा जॉब आला की ज्याने सुरुवातीला टाळाटाळ केली त्याचा जॉब एकतर बसत नाही नाहीतर खुळखुळतो. परीक्षेतही वजन इकडेच आहे, प्रॅक्टिकलला पास व्हायला 60 टक्के लागतात आणि थिअरीला 33. थिअरी कॉम्प्युटरवर होते, ऑप्शनवाली, ती निघते. हजेरी 80 टक्के नसेल तर परीक्षेलाच बसता येत नाही, आणि आजकाल ते खरंच बघतात.

अप्रेंटिसशिप सोडू नका, हे मी कळकळीने सांगतोय. कायदा 1961 चा आहे, तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के. 2019 च्या नियमांत आयटीआयवाल्याला महिन्याला किमान 7000 आणि डिप्लोमावाल्याला 8000 ठरले होते, फॉर्म भरताना अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवरचा चालू आकडा बघून घ्या. मुख्य म्हणजे तुमचं कॉन्ट्रॅक्ट पोर्टलवर रजिस्टर झालंय का ते बघा. काही ठिकाणी "ट्रेनी" म्हणून ठेवतात, वर्षभर लाइनवर राबवून घेतात आणि शेवटी कंपनीच्या लेटरहेडवर एक अनुभव पत्र देतात. त्याने राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारीचं सर्टिफिकेट मिळत नाही. जिल्ह्यात अप्रेंटिसशिपचं काम बघणारं बीटीआरआय म्हणून ऑफिस असतं, बरेचदा आयटीआयच्याच आवारात, तिथे जाऊन विचारा, ही माहिती तिथे मिळते. सरकारी कंपन्यांच्या जाहिराती बघितल्यात तर कळेल हा कागद किती ठिकाणी विचारतात.

इलेक्ट्रिशियन, वायरमनवाल्यांसाठी अजून एक कागद, तारतंत्री परवाना, म्हणजे वायरमनचं लायसन्स. तो ना डीव्हीईटी देतं ना दिल्ली, तो शासनाच्या अनुज्ञापक मंडळाकडून मिळतो. आणि महावितरणची विद्युत सहायकची तयारी करत असाल तर नुसतं आयटीआय धरून बसू नका, बारावी पण लागते असं जाहिरातीत असतं.

ती बारावी मिळवायचा एक रस्ता फार कमी जणांना माहीत असतो. आयटीआयचे विषय बोर्डाकडे ट्रान्सफर ऑफ क्रेडिटने धरले जातात आणि राहिलेले विषय बोर्डाच्या परीक्षेत द्यायचे. फॉर्म बोर्डाचा, पण तुमची कागदपत्रं आयटीआयमधून जातात, म्हणजे परत दोन खिडक्या. फॉर्मच्या तारखा आयटीआयच्या नोटीस बोर्डावर लागतीलच अशा भरवशावर राहू नका.

दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला असेल तर डिप्लोम्याच्या दुसऱ्या वर्षाला थेट जाता येतं, इथून तुम्ही डीटीईच्या हद्दीत. वर्कशॉप आणि ड्रॉइंगमध्ये आपण रेग्युलर पोरांना पुरून उरतो, त्यांना कानस कशी धरायची माहीत नसते. पण पहिल्या वर्षाचं गणित आपलं झालेलं नसतं आणि मेकॅनिकलला तिसऱ्या सेमलाच स्ट्रेंथ ऑफ मटेरियल समोर येतं, बेंडिंग मोमेंटच्या आकृत्या, आणि आमच्यातल्या निम्म्यांची पहिली केटी (नापास विषय) तिथेच लागली. ॲडमिशन उशिरा होते, कॉलेज आधीच सुरू झालेलं असतं, तेव्हा आयटीआय संपल्यावरच्या सुट्टीतच पहिल्या वर्षाची मॅथ्सची पुस्तकं कोणाकडून तरी घेऊन निदान डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन करून ठेवा. स्कॉलरशिपचा फॉर्म महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर असतो, आयटीआयचं जुनं लॉगिन असेल तर तेच चालवा, नवीन आयडी काढला की आधार आधीच वापरलंय म्हणून अडतं आणि मग कॉलेजच्या ऑफिसला चकरा सुरू.