तातडीच्या विभागातील अखेरचे तास : या चुका टाळा

गडहिंग्लज, चंदगड किंवा गगनबावड्याकडून रात्री-अपरात्री कोल्हापूरला आणल्या जाणाऱ्या काही रुग्णांचा अंत जवळ आल्याचे घरच्यांनाही आतून उमगलेले असते. पसरलेला कर्करोग असो वा थकलेले हृदय, त्यांना येथवर आणले जाते ते बहुतेक वेळा धाप किंवा वेदना बघवत नाही म्हणून.

सर्वांत महागात पडणारी चूक प्रश्नाच्या शब्दांत असते. ‘सीपीआर द्यायचा का?’ असे विचारले की येथील नातेवाइकांच्या डोळ्यांपुढे थोरला दवाखाना उभा राहतो, कारण कोल्हापुरात ही अक्षरे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाची आहेत. म्हणून ‘हृदय थांबल्यास छाती दाबून ते सुरू करण्याचा प्रयत्न’ असेच म्हणावे. त्याहून वाईट प्रश्न ‘सगळे करायचे ना?’ हा. त्याला मुलगा नाही कसे म्हणणार? डॉक्टरांनी आधी उपचारांचा कितपत उपयोग होईल याविषयी स्वतःचे मत सांगावे आणि मग ‘बोलता आले असते तर त्यांनी काय सांगितले असते?’ असे विचारावे. विचारताना पुढे होऊन बोलणाऱ्या भाऊबंदांकडेच पाहू नये. वर्षभर औषधपाणी केलेली सून अनेकदा दाराशी उभी असते आणि सासऱ्यांचे म्हणणे तिनेच ऐकलेले असते. रुग्ण शुद्धीवर असेल तर त्यालाच विचारावे, हे वेगळे सांगावे लागते याचीच खंत वाटते.

‘मॉर्फिनने श्वास थांबेल’ या भीतीने ते टाळणे ही दुसरी चूक. अल्प मात्रेपासून सुरू करून परिणाम पाहत वाढवलेले मॉर्फिन गुदमरल्याची भावना कमी करते. मूत्रपिंडे निकामी असल्यास मात्र मात्रा कमी आणि दोन मात्रांमधील अंतर जास्त ठेवावे लागते. घरघर लागली की वारंवार नळी घालून स्राव ओढू नये. रुग्णाला कुशीवर वळवावे आणि ग्लायकोपायरोलेट लवकर द्यावे, कारण ते नवा स्राव कमी करते, साचलेला नाही.

‘निदान सलाईन तरी लावा’ हा आग्रह मायेपोटी असला, तरी या टप्प्यावर जास्त सलाईनने सूज आणि स्राव वाढतात. त्यापेक्षा ओल्या कापसाने तोंड ओलसर ठेवावे. गंगाजल घेऊन आलेल्याला बाहेर अडवू नये. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात पाणी ओतू न देता ओठांवर थेंब टेकवू द्यावा.

सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये घालून दिलेली आणि 2023 मध्ये सोपी केलेली, जीवरक्षक उपचार थांबवण्यासाठीची दोन वैद्यकीय मंडळांची प्रक्रिया मध्यरात्री तासाभरात होत नाही. रुग्णाची अवस्था वा इच्छा याविषयी शंका असल्यास उपचार सुरू करून त्यांचा फेरविचार केव्हा होईल, हे नातेवाइकांना त्याच वेळी सांगावे.

‘आता घरी न्या’ असे म्हणून डामाच्या (वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेत असल्याच्या) कागदावर सही घेणे आणि रुग्णवाहिका बोलावणे, एवढ्यावर जबाबदारी संपत नाही. त्या काही तासांची औषधे, ती कशी द्यायची याची मराठीत चिठ्ठी आणि आजाराचा लेखी सारांश सोबत द्यावा. घरी मृत्यू झाल्यास गावच्या डॉक्टरांना मृत्यूचे कारण लिहून द्यावे लागते आणि सारांश नसेल तर ते सही करायला कचरतात. प्रकरण अपघाताचे किंवा विषबाधेचे असल्यास पोलिसांना कळवणे आणि शवविच्छेदन टळत नाही, हे रुग्ण दारातून बाहेर पडण्यापूर्वीच सांगावे. नाहीतर गावात तिरडी बांधून झाल्यावर मृतदेह पुन्हा शहराकडे आणावा लागतो.