दुबईत छोटा धंदा आहे? कॉर्पोरेट टॅक्स आणि व्हॅटचं काम असं उरका

"आपला नफा पावणेचार लाखांच्या आत आहे, आपल्याला कसला टॅक्स?" दुबई-शारजात इंटिरियरची कामं, कार्गो, केटरिंग असे धंदे करणाऱ्या आपल्या मंडळींकडून हे हमखास ऐकायला मिळतं. कर शून्य निघेल, हे खरंच. पण कॉर्पोरेट टॅक्सची, म्हणजे धंद्याच्या नफ्यावरच्या कराची नोंदणी वेळेत केली नाही तर 10,000 दिरहॅम दंड बसतो आणि तो लावताना नफा किती झाला हे कुणी बघत नाही. छोट्या धंद्याला इथे करापेक्षा दंडच जास्त महागात पडतो, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून खाली दरांपेक्षा तारखांवर जास्त जोर दिला आहे.

पहिलं काम: पावणेचार लाखांचा घोळ मिटवा

3,75,000 दिरहॅम हा आकडा संयुक्त अरब अमिरातीच्या करकायद्यात दोन ठिकाणी येतो आणि दोन्हीकडे त्याचा अर्थ वेगळा आहे. व्हॅटसाठी, म्हणजे ग्राहकाकडून घेऊन भरायच्या विक्रीवरच्या करासाठी, तो उलाढालीचा आकडा. मागच्या 12 महिन्यांतली करपात्र विक्री आणि आयात त्याच्या वर गेली, किंवा पुढच्या 30 दिवसांत जाणार हे दिसत असेल, तर नोंदणी सक्तीची. 1,87,500 च्या वर असाल तर स्वेच्छेने करता येते. कॉर्पोरेट टॅक्ससाठी मात्र तो नफ्याचा आकडा: तिथपर्यंत 0 टक्के आणि वरच्या रकमेवर 9 टक्के.

समजा तुमच्या एलएलसीची (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीची) वर्षाची विक्री 4 लाख आणि नफा 60 हजार. व्हॅटची नोंदणी लागणार, ग्राहकाकडून 5 टक्के घेऊन भरावे लागणार. कॉर्पोरेट टॅक्स शून्य, पण त्याचीही नोंदणी आणि विवरणपत्र चुकत नाही. आता विक्री 40 लाख आणि नफा 5 लाख धरा. वरच्या 1,25,000 वर 9 टक्के म्हणजे 11,250 दिरहॅम. उशिरा नोंदणीचा दंड जवळपास या अख्ख्या कराएवढा आहे.

दुसरं: लायसन्स काढून बघा

ट्रेड लायसन्सवर एलएलसी लिहिलंय की सोल एस्टॅब्लिशमेंट, म्हणजे मालकाच्या स्वतःच्या नावावरचा धंदा? एकट्या मालकाची असली तरी एलएलसी ही कंपनीच. नव्या कंपनीने स्थापनेपासून 3 महिन्यांत नोंदणी करायची. सोल एस्टॅब्लिशमेंट किंवा फ्रीलान्स परमिटवाला कायद्याच्या नजरेत व्यक्ती ठरतो. त्याची धंद्याची उलाढाल एका कॅलेंडर वर्षात 10 लाख दिरहॅमच्या वर गेली तरच हा कर लागू होतो, आणि मग पुढच्या 31 मार्चपर्यंत नोंदणी करायची. नोकरीचा पगार या 10 लाखांत धरत नाहीत. स्वतःच्या नावावरच्या फ्लॅटचं भाडंही, त्यासाठी लायसन्स लागत नसेल, तर धरत नाहीत.

नोंदणी फेडरल टॅक्स अथॉरिटीच्या, म्हणजे इथल्या करखात्याच्या एमाराटॅक्स पोर्टलवर होते, यूएई पासने (सरकारी डिजिटल ओळखीने) लॉगिन करून. लायसन्स, एमिरेट्स आयडी, पासपोर्ट आणि सही करण्याचा अधिकार कुणाला आहे याचा कागद एवढं हाताशी ठेवा. टायपिंग सेंटरवाल्याकडून करून घ्यायला हरकत नाही, पण अर्जात ईमेल आणि मोबाईल तुमचाच टाका. पुढच्या सगळ्या सूचना तिथेच येतात, आणि सेंटरवाल्याच्या ईमेलवर पडलेली नोटीस तुम्हाला कधी दिसणार?

तिसरं: वह्या

उत्पन्न 30 लाखांपर्यंत असेल तर रोखीच्या पद्धतीने, म्हणजे पैसे आले-गेले तसा हिशेब ठेवता येतो. त्यापुढे येणी-देणी धरून आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे लिहावा लागतो. 5 कोटींपर्यंत त्याचीच लहान उद्योगांसाठीची सोपी आवृत्ती चालते. 5 कोटींच्या वर ऑडिट सक्तीचं. कागद 7 वर्षं जपायचे.

खरी डोकेदुखी बँक खात्याची. कंपनीच्या स्टेटमेंटमध्ये मुलांची शाळेची फी, कॅरफोरचं बिल आणि सांगलीच्या घराचा हप्ता भरायला एक्स्चेंजमधून पाठवलेले पैसे असं सगळं एकत्र पडलेलं असतं. सोल एस्टॅब्लिशमेंटच्या मालकाने असे स्वतःसाठी काढलेले पैसे खर्च म्हणून चालत नाहीत. एलएलसीत मालकाला पगार घेता येतो, पण त्या कामाला बाजारात मिळेल तेवढाच वजा होतो. ग्राहकाला जेवायला नेलंत तर निम्मा खर्च धरतात. सरकारी दंड तर अजिबात नाही. खासगी खर्चाला वेगळं खातं उघडा, आजच.

व्हॅटच्या बाबतीत, पुरवठादाराच्या बिलावर त्याचा 15 अंकी नोंदणी क्रमांक आहे ना, हे पैसे देण्याआधी बघा. तो नसेल तर तुम्ही भरलेला व्हॅट परत मिळवणं विसरा.

चौथं: छोट्या धंद्याची सवलत मागून घ्या

उत्पन्न 30 लाख दिरहॅमपर्यंत असेल तर नफा कितीही असो, करपात्र उत्पन्न शून्य धरता येतं. उत्पन्न म्हणजे विक्री, नफा नव्हे. ही सवलत आपोआप लागत नाही. विवरणपत्रात तसा पर्याय निवडावा लागतो. एकदा एखाद्या वर्षी 30 लाख ओलांडले की नंतर विक्री घटली तरी ती पुन्हा मिळत नाही. एक धंदा दोन लायसन्सवर तोडून ती घेण्याची शक्कलही कायद्यापुढे चालत नाही. ज्या वर्षी सवलत घ्याल त्या वर्षीचा तोटा पुढे नेता येत नाही, म्हणून तोट्यात असाल तर आधी विचार करा.

मुदतीत आणखी एक खोच आहे. सवलत 31 डिसेंबर 2026 पर्यंत संपणाऱ्या वर्षांनाच आहे. भारतातल्या सवयीने एप्रिल-मार्च वर्ष ठेवलेल्यांसाठी मार्च 2026 ला संपणारं वर्ष शेवटचं, कारण पुढचं मार्च 2027 ला संपतं. जानेवारी-डिसेंबरवाल्यांना मात्र अख्खं 2026 मिळतं.

फ्री झोनवाल्यांनो (खास सवलतींच्या व्यापारी क्षेत्रातलं लायसन्स असणाऱ्यांनो), तुमचा 0 टक्के दर ठरावीक प्रकारच्या उत्पन्नालाच आहे आणि त्यासाठी ऑडिट लागतं. तो दर घेणाऱ्याला ही सवलत नाही. नोंदणी तुम्हालाही आहेच.

पाचवं: भरणा

कॉर्पोरेट टॅक्सचं विवरणपत्र आणि पैसे, दोन्ही वर्ष संपल्यापासून 9 महिन्यांत: डिसेंबरवाल्यांना 30 सप्टेंबर, मार्चवाल्यांना 31 डिसेंबर. चुकलं तर पहिले 12 महिने दरमहा 500 दिरहॅम, पुढे दरमहा 1,000. थकलेल्या करावर वर्षाला 14 टक्के वेगळे. व्हॅटचं विवरणपत्र बहुतेकांना तिमाही असतं, तिमाही संपल्यावर 28 दिवसांत. विक्री शून्य असली तरी भरायचं.

नोंदणीला उशीर झालाच असेल तर एक वाट उघडी आहे. पहिल्या वर्षाचं विवरणपत्र 9 ऐवजी 7 महिन्यांत भरलंत, तर 10,000 चा दंड माफ होतो, आधी भरला असेल तर तुमच्या कर खात्यात जमा होतो.

आणि धंदा बंद करून गावी परतायचं ठरलं, तर लायसन्सचं नूतनीकरण सोडून दिलं की सगळं आपोआप मिटतं असं समजू नका. कॉर्पोरेट टॅक्सची नोंदणी रद्द करायचा अर्ज धंदा थांबल्यापासून 3 महिन्यांत करायचा असतो. नाहीतर दरमहा 1,000 दिरहॅम, 10,000 होईपर्यंत. व्हॅटची नोंदणी असेल तर तिचा अर्ज वेगळा, आणि त्याला फक्त 20 कामकाजाचे दिवस मिळतात.